हातबाबू

सबनीसकाकांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे. नाव त्याहूनही नाही. त्यांच्या लक्षात राहायचा तो हात. एकदा दार्जिलिंगच्या थंडीत त्यांचे सख्खे मेहुणे समोरून आले, ‘अहो दिनकरराव!’ म्हणून गळ्यात पडले, तरी काका आपले ‘नमस्कार, आपण कुठले?’ म्हणत उभे. कारण मेहुण्यांनी हातमोजे घातले होते. मोजा काढला तेव्हा कुठे बहिणीची चौकशी झाली. हा किस्सा काकांनी मला सांगितला तेव्हा ओळख पटायला एक मोजा पुरला होता. मी तो इतकी वर्षं सांगतोय, की आता त्यात दोन्ही मोजे, एक मफलर आणि एक बुजलेलं घोडं आलेलं आहे. पण मूळ मोजा खरा.

माझी बदली कलकत्त्यात गार्डन रीचला, रेल्वेच्या मुख्य कार्यालयात झाली, त्या वर्षीच्या मराठी मंडळींच्या गणपतीत आमची पहिली भेट. कोणीतरी ओळख करून दिली. काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. माझा हात हातात घेतला, बाजारात वांगं उलटून बघावं तसा उलटापालटा केला आणि म्हणाले, “रेल्वे. पण रुळांवरची नाही, टेबलावरची. आणि घरी नारळ तुम्ही खवता, बायको नाही.”

माझी बायको इतकी हसली, की शेजारच्या बाईंच्या हातातला मोदक पाच फूट उडाला. (चार म्हणा.) तेव्हापासून त्यांच्या लेखी माझं नाव ‘रेल्वे’. मी निवृत्त झालो तरी रेल्वेच राहिलो.

काका जन्माने, शिक्षणाने आणि मोहरीच्या तेलाने कलकत्त्याचे. मराठे येतील म्हणून एके काळी या शहराने खंदक खणला, तो जिथून सुरू होत होता त्या बागबाजारातच काकांच्या वडिलांनी भाड्याने घर घेतलं होतं. शेजारचे गांगुलीबाबू अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, “खंदक वाया गेला.” गल्लीत काकांना सगळे हातबाबू म्हणत. हात हा शब्द मराठीत आणि बंगालीत एकच, त्यामुळे हे टोपणनाव घरात आणि बाहेर सारखंच चालायचं.

ते पडलं होतं त्यांच्या धंद्यावरून. तरुणपणी काका चौरंगीजवळच्या एका जाहिरात कंपनीत चित्रकार होते. त्या काळी रस्त्यावरच्या मोठ्या पाटीचं चित्र एक माणूस काढत नसे. चेहरे एका घोषबाबूंकडे. मोटारी आणि कुत्री एका अँग्लो-इंडियन गृहस्थांकडे. अक्षरांचा माणूस वेगळा. आकाश ज्याला वेळ असेल तो रंगवायचा. आणि हात आमच्या काकांकडे. चहाचा पेला धरलेला हात, साबणाचा हात, बाळाला पावडर लावणारा हात. पण सगळ्यांत जास्त काढला तो सिगारेट धरलेला हात. आसामपासून पुरीच्या समुद्रापर्यंत जिथे जिथे पाटीवरच्या माणसाच्या बोटांत सिगारेट होती, ती बोटं काकांची. जगात दुसरा कोणी माणूस एकाच वेळी एवढ्या चौकांत सिगारेट धरून उभा राहिला नसेल. आणि या माणसाने जन्मात एक झुरका घेतलेला नव्हता.

मॉडेलच्या बोटांत द्यायला त्यांच्याकडे एकच सिगारेट होती. ती पत्र्याच्या डबीत कापसात ठेवलेली असे. वर्षानुवर्षं तीच. कागद पिवळा पडला होता, निम्मी तंबाखू गळून गेली होती, एका टोकाला कसर लागली होती. पाटीवर मात्र ती अशी ताजी उतरायची, की खालून जाणारा माणूस खिसे चाचपायचा.

“आम्ही सिगारेट कधी विकलीच नाही, रेल्वे,” काका म्हणायचे. “आम्ही संध्याकाळ विकली. माणूस कचेरीतून सुटलाय. कठड्याला टेकलाय. मागे गंगा. आणि हाताला काही काम नाही. त्या रिकाम्या हाताला आम्ही काम दिलं.”

या सगळ्याचं त्यांना वाईट वाटतं का, असं मी एकदा खोदून विचारलं. ते म्हणाले, “हात चांगला उतरलाय की नाही, तेवढं बोला.”

या माणसाच्या घरी मीच सुमेधाला घेऊन गेलो. सुमेधा म्हणजे बँकेतल्या एका बदलीवाल्या साहेबांची मुलगी. साहेबांची पुढे नागपूरला बदली झाली, ही इथेच राहिली. न्यू टाउनमधल्या एका संस्थेत ती संशोधन करत होती. तरुण पोरं तंबाखूकडे वळतात कशी, जाहिराती बंद झाल्या तरी वळतातच कशी आणि पाकिटावर छापलेल्या त्या भयानक चित्रांचा त्यांच्यावर काही परिणाम होतो का, हा तिचा विषय. तिला जुन्या काळचा जाहिरातवाला हवा होता. मी म्हटलं, मी तुला असा माणूस दाखवतो ज्याने अर्ध्या हिंदुस्थानाच्या बोटांत सिगारेट ठेवली. अर्धा जरा जास्त झाला, पण मुलगी आली.

तिने पिशवीतून पाकिटं काढून टेबलावर मांडली. सडलेल्या घशाचं चित्र, खाली मोठ्या अक्षरांत इशारा. काकांनी भिंग लावून घसा पाहिला.

“कोणाचा आहे हा?”

“कोणाचा म्हणजे? रुग्णाचा, काका. कोणाचाही.”

“तेच म्हणतो मी. कोणाचाही, म्हणजे बघणाऱ्याचा नाही. यात हात कुठाय?”

“हात कशाला?”

“तू स्वतःचा घसा कधी पाहिलास? हात मात्र सकाळपासून बघत असशील.”

सुमेधा हसली. पण पुढच्या चाचणीला तिने काकांना बोलावलं. काकांना बसमध्ये चढवायला कोणीतरी हवं होतं आणि तिथे बिस्किटं बरी मिळतात असं कळलं होतं, म्हणून मीही गेलो.

काचेच्या इमारतीत एक थंडगार खोली. कॉलेजातली मुलंमुली एकेक करून यायची, टेबलावरचं पाकीट उचलून बघायची आणि काय वाटलं ते समोरच्या पडद्यावर बोट दाबून सांगायची. जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच, भीती वाटली. सुमेधाचा चेहरा उजळत चालला होता. काका कोपऱ्यात बसून, अर्थातच, हात बघत होते.

शेवटचा मुलगा गेल्यावर ते म्हणाले, “सुमेधा, ही मुलं खोटं बोलत नाहीयेत. खरंच घाबरलीत. कारण पाकीट त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलंय.”

“असं कसं होईल, काका? यातले कितीतरी जण रोज ओढतात. त्यांनीच सांगितलंय.”

“ओढतात. बोटं सांगतायत ना. पण पाकीट धरलं कसं ते बघितलंस? लग्नाची पत्रिका धरावी तसं, दोन्ही हातांनी. त्या चष्मेवाल्याला तर उघडायचं कुठून तेही कळेना. पाकीटवाला माणूस अंगठ्याने झाकण उडवतो, खाली बघतसुद्धा नाही. ही पोरं सिगारेट ओळखतात. पाकिटाशी त्यांची ओळख नाही.”

सुमेधाने पडद्यावरची उत्तरं एकदा वर-खाली केली. मग फटकन म्हणाली, “मग मी इतके महिने काय मोजत होते?” आणि समोरचा चहा ढकलून उठली. मी तोंडातलं बिस्किट चावायचं थांबवलं.

त्याच संध्याकाळी काकांनी तिला बागबाजारच्या कोपऱ्यावर मिसिरजींच्या पानबिडीच्या दुकानाशी उभं केलं. कलकत्त्यात अशा दुकानाला काथ्याची एक दोरी टांगलेली असते. तिच्या टोकाला दिवसभर निखारा धुमसत असतो. गिऱ्हाईक येतं, एक बोट वर करतं. मिसिरजी फळीखालच्या पाकिटातून एक सिगारेट काढून देतात. गिऱ्हाईक दोरी उचलतं, शिलगावतं, चालू लागतं. आम्ही तिथे होतो तेवढ्यात बिहार-बंगालची निम्मी तरुणाई येऊन गेली. पूर्ण पाकीट कोणी मागितलं नाही.

सुमेधाने मिसिरजींना विचारलं, गिऱ्हाईक पाकिटावरचं चित्र बघतं का?

“देखेगा कैसे, दीदी? पाकिट तो हमरा है, गाहक का तो सिरिफ सिगरेट है,” मिसिरजी म्हणाले. “ई सड़ा हुआ गला सुबह से शाम तक हम ही देखते हैं. और हम तो पीते भी नहीं!”

काकांनी सुमेधाच्या खांद्यावर टिचकी मारली. “बघ आता. एक आला. हात कुठे चाललाय? दोरीकडे. तुझी पाटी तिथे लाव. दोरीच्या खिळ्यापाशी.”

सुमेधाचा राग तिथेच गेला. अशी माणसं मला आवडतात. आपलं घर चुकीच्या जागी बांधलंय हे कळल्यावर ती पहिल्यांदा नवी जागा बघतात, रडायचं नंतर. पुढच्या आठवड्यात ती बागबाजारला आली ती पत्र्याच्या छोट्या पाटीचा बेत घेऊनच. पाटी अशा काही दुकानांत दोरीशेजारी लावायची, चित्र काकांनी काढायचं. संस्थेतली वरची मंडळी तयार झाली होती. काका नव्या वहाणा घेतलेल्या मुलासारखे खूश होते.

तेवढ्यात मिठू कॉलेजातून आली. मिठू काकांची नात. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल. मुलगा-सून बंगळूरला नोकरीला, काकू दोन वर्षांपूर्वी गेलेल्या, आणि मिठूला कलकत्ता सोडायचं नव्हतं. त्यामुळे बागबाजारच्या घरात ही दोघंच. ती रोज बसने न्यू टाउनला कॉलेजला जायची. मराठी समजायची सगळी. बोलताना लिंगं इकडची तिकडे व्हायची.

“आजोबा, माझा चार्जर कुठे आहे? नमस्कार काका. तुम्ही चहा घेतली?” असं एका दमात म्हणून ती आत गेली. आमच्यासाठी चहा ठेवून, पडदा सारून पुन्हा खोलीत गेली.

सुमेधा हळू आवाजात म्हणाली, “काका, तुम्ही तिचा हात बघितलात?”

“रोजच बघतो.”

“आत्ता, पडद्याआड जाताना. मूठ मिटलेली, अंगठा वर. ही पकड तुम्ही कधी काढलेली नाही.”

काकांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. तिच्या मुठीतली वस्तू मला तर लिपस्टिक वाटली होती. मग एकदम मला त्या घरातला वास आठवला. आंब्याचा. गेल्या दोन-तीन वेळा तो आला होता आणि मी मनात म्हटलं होतं, वा, सबनीसांकडे आंबे आले. पौष महिना चालू होता.

“आंब्याचा वास येतो ना घरात?” सुमेधाने विचारलं.

“मला वाटलं, काही अत्तर लावते,” काका म्हणाले.

ज्या माणसाने मोज्याआडचा मेहुणा ओळखला नाही, त्याने समोरचा उघडा हात ओळखला नव्हता. त्यांनी मिठूला हाक मारली. ती आली. काकांनी नुसता तळवा पुढे केला. तिने सुमेधाकडे एकदा रागाने बघितलं आणि मुठीतली वस्तू त्यात ठेवली.

निळसर, गुळगुळीत, पेनड्राइव्हपेक्षा थोडी मोठी. काकांनी ती भिंगाखाली धरली. आता काका भडकणार म्हणून मी खुर्ची मागे घेतली. पण ते पुटपुटले, “काय काम केलंय!”

“काका!” सुमेधा म्हणाली.

“अगं, कोपरा बघ. कुठेच टोचत नाही. मुठीत घालताच दिसेनासं होतं. राख नाही, काडी नाही, दोरी नाही. आम्हाला संध्याकाळ लागायची, कठडा लागायचा, गंगा लागायची. याला काही लागत नाही. बसमध्ये चालतं. वर्गातसुद्धा चालत असेल.” त्यांनी वस्तू उलटी केली. “यावर इशारा कुठे छापतात?”

“कुठेच नाही. वेपवर, म्हणजे या विजेच्या सिगारेटवर, आपल्याकडे बंदी आहे. बंदी असलेल्या वस्तूवर इशारा छापणार कोण? फळीवरून उचलून फळीखाली ठेवली, एवढंच.”

“पण हा सिगारेट नाहीच आहे,” मिठू म्हणाली. “फक्त फ्लेवर आहे. सगळेच करतात, आजोबा. तुम्ही तर सगळ्या शहराला...” पुढचं तिने गिळलं. काकांनी ते ऐकलं होतं.

काकांना घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मला दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा म्हणाले, “एकच गिऱ्हाईक फिरवायचंय, रेल्वे. आयुष्यभर लोकांना चढवत आलो. उतरवायचं कसं, ते कोणी शिकवलंच नाही.”

मग या माणसाने नेमकं तेच केलं, ज्याची त्याने सुमेधापुढे टर उडवली होती. मिसिरजींकडून रिकामी पाकिटं आणली, चित्रं कापली आणि घरभर चिकटवली. मिठूच्या आरशावर घसा. फ्रिजवर घसा. मुडीच्या, म्हणजे कुरमुऱ्यांच्या, डब्यावर फुप्फुस. मी गेलो तर मुडीचा डबा पुढे करायची काकांची सवय, त्या दिवशी मी म्हटलं, नको, पोट भरलंय.

मिठूने दोन दिवस ते चालवून घेतलं. तिसऱ्या दिवशी आरशावरच्या घशाला तिने मिशा काढल्या. काका ओरडले. तीही ओरडली. म्हणाली, तुम्ही पाट्या काढल्या तेव्हा कोणाच्या आरशावर काय लागलं होतं? आणि बॅग भरून न्यू टाउनला मैत्रिणीकडे राहायला गेली. गांगुलीबाबू सांगतात, त्या रात्री हातबाबू जिन्यात बसून होते. मला जिन्याचं माहीत नाही. पण सकाळी मला फोन आला तेव्हा आवाज बसलेला होता. “तिच्या हातापर्यंत मी पोचतच नाहीये,” म्हणाले.

मिठू परत आली. काकांनी चित्रं सोलून काढली होती, डिंकाचे डाग राहिले होते. त्यांनी तिला एवढंच सांगितलं, “सुमेधाच्या पाटीसाठी मला हात हवाय. मॉडेल म्हणून बसशील?”

“हातात काय धरू? तुमचा तो म्हातारी सिगारेट?”

“नाही. तुझं तेच.”

मिठूला वाटलं, चेष्टा करतायत. “ओढू देणार?”

“धरायचं. हलायचं नाही. हललीस तर सावली बदलते.”

जाहिरात कंपनीत म्हणे आधी वस्तू रंगवत, मग हात. पैसे वस्तूचा मालक देणार, त्याला त्याची वस्तू आधी दिसली पाहिजे. इथे काकांनी मनगटापासून सुरुवात केली आणि वस्तूची जागा पांढरी सोडून दिली. रोज संध्याकाळी, पश्चिमेच्या खिडकीचा उजेड असेपर्यंत, आजोबा आणि नात समोरासमोर. ती बोलायची, ते काढायचे. बोलायला बंदी नव्हती, फक्त हात हलवायला होती.

त्यातल्या एका संध्याकाळी मी खजुराच्या नव्या गुळाची मिठाई, नोलेन गुडाचा संदेश, घेऊन गेलो आणि कोपऱ्यात बसलो. माझ्यासारखा माणूस गप्प बसला होता, यावरून खोलीत काय शांतता असेल बघा.

“कॉलेजमध्ये ना, सगळे ग्रुप करून उभे असतात,” मिठू सांगत होती. “मला बांगला येते, हिंदी येते. तरी मी ‘ती मराठी’. एकटी उभी असले की कळत नाही, काय करायचं. हे असलं हातात की कोणीतरी येतं. विचारतं, कुठला फ्लेवर?”

काकांचा ब्रश थांबला. “म्हणजे हाताला काम हवं होतं.”

“हां. तसंच काहीतरी.”

काका कागदाकडे बघत राहिले. गंगेकाठचा तो कठड्याला टेकलेला माणूस मला समोर दिसला. त्यांनाही दिसला असावा.  ब्रश पुन्हा चालू झाला.

मिठू पुढे कुठल्या तरी मास्तरांची नक्कल करत होती आणि तिचा हात वर गेला. ओठांपाशी.

“सावली,” काका म्हणाले.

“सॉरी.” तिने हात खाली, उशीवर, खुणेच्या जागी ठेवला. पुन्हा मास्तर. पुन्हा हात वर. “सावली, मिठू.” तिने हसून ठेवला. मग तिने बोलणंच बंद केलं आणि हाताकडे बघत बसली, जणू कोणाचं तरी लबाड पोर सांभाळायला दिलंय. बाहेर कोणीतरी बेल वाजवली, तिने मान वळवली, आणि हात निघाला.

या वेळी काका काही बोलले नाहीत. हात ओठांना लागल्यावर मिठूच दचकली.

“मी नाही नेला,” ती म्हणाली. “आजोबा, मी नाही नेला. तो गेला.”

मला गोष्टी वाढवून सांगायची सवय आहे, हे आतापर्यंत तुमच्या लक्षात आलं असेल. इथे वाढवायला काही नाही. ती आपल्या हाताकडे अशी बघत होती, जणू तो मनगटापासून पुढे दुसऱ्याचा आहे. काकांनी ब्रश पाण्यात ठेवला. एक शब्द इशाऱ्याचा नाही, एक शब्द शहाणपणाचा नाही. थोड्या वेळाने म्हणाले, “चहा टाकतेस?” ती उठली. ती वस्तू रंगाच्या वाट्यांमध्ये ठेवून आत गेली. आणि तिथे, पाठमोऱ्या काकांचे खांदे हलताना मला दिसले. मी संदेशाच्या खोक्याची दोरी सोडत बसलो. ती गाठ फार पक्की होती.

त्या संध्याकाळी ते सुटलं असं सांगितलं, तर गोष्ट झकास होईल. तसं झालं नाही. सुटायला वेळ लागला. मध्ये पुन्हा धरलं गेलं, खोटं बोललं गेलं, भांडणं झाली. सुमेधा तिला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जायची. आधी मिठू तिच्याशी बोलत नव्हती, नंतर त्या दोघी बोलायला लागल्या की काकांना खोलीबाहेर काढायच्या. चित्राची बैठक मात्र कधी चुकली नाही. उन्हाळ्यात खरे आंबे आले. काकांनी पहिला आंबा कापला. मिठूने एक फोड तोंडात टाकली आणि परत ताटलीत ठेवली. म्हणाली, “हा खोटा लागतो.” काकांनी ती फोड झाकून ठेवली. त्या वर्षी त्या घरात आंबा पुन्हा कापला गेला नाही.

पाटी तयार झाली. तिच्यावर फक्त हात होता. बोटं किंचित वाकलेली, अंगठा वर, आणि मधे काही नाही. पांढरी सोडलेली जागा शेवटपर्यंत पांढरीच राहिली. हा हात आत्ता काही उचलणार आहे की त्याने आत्ताच काही ठेवलंय, हे कळत नाही, असं मी म्हटलं. काका खूश होऊन म्हणाले, “माझं वय ऐंशीच्या पुढे आहे, रेल्वे, मलाही कळत नाही.”

सुमेधाच्या वरच्या मंडळींना शब्द हवे होते. काकांना नको होते. भांडण मिठूनेच मिटवलं. तिने पाटीखाली बंगालीत एक ओळ लिहून दिली. तिचा अर्थ असा: मी नेला नाही. हात गेला. यात रोगाचं नाव नाही, तंबाखूचं नाव नाही, असं मंडळी बरेच दिवस म्हणत राहिली. शेवटी काही मोजक्या दुकानांत लावून बघू म्हणाली. पाटीचा उपयोग होतो का, असं सुमेधाला विचारलं की ती म्हणते, “अजून बघतेय. या वेळी जिथे हात जातो तिथे उभी राहून.” मिसिरजींची मात्र तक्रार आहे. दोरी धरून लोक उभेच राहतात म्हणे. “गाहक सोचने लगता है, बाबू. पीछे वाला चिल्लाता है.”

पुढच्या उन्हाळ्यात मिठूने आंबा खाल्ला, कोय चोखून. काकांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं. त्या पावसाळ्यात काका गेले. मी तेव्हा मुलीकडे नागपूरला होतो, पोचू शकलो नाही. त्यामुळे माझ्याजवळ त्यांचं शेवटचं म्हणून जे आहे, ते त्याआधीचं, बागबाजारच्या कोपऱ्यावरचं.

संध्याकाळची वेळ. मी रस्त्याच्या या बाजूला, काका आणि मिठू पलीकडे, मिसिरजींच्या दुकानापाशी. काका आपल्याच पाटीपुढे वाकून अंगठ्याची सावली कुठे चुकली ते तिला दाखवत होते. मी हाक मारली, “काका!” त्यांनी वळून पाहिलं. अगदी परक्यासारखं. हा कोण आरडाओरडा करतोय बुवा, असं. मिठू त्यांच्या कानाशी लागली, तरी ओळख पटेना. मग मी हात वर केला.

“अरे, रेल्वे!” काका ओरडले आणि त्यांनीही हात वर केला. तो थरथरत होता. अलीकडे तो तसाच थरथरायचा, ब्रश कधीच सुटला होता. मधे एक बस आली. ती गेली तेव्हा मिठूने आपला हात त्यांच्या मनगटाखाली धरला होता, आणि थरथर थांबेपर्यंत ते दोन्ही हात तसेच वर होते.